घरच्या संगणकावर इंटरनेटची वाटणी : कोणत्या कामाला आधी वाट द्यावी?

दुकानाची गादी आता दुकानापुरती राहिलेली नाही. माल गांधीबागेत विकला जातो, पण त्याचे बिल, खाते, कराचा परतावा आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी बोलणे रात्री घरी बसून होते. आमचे घर हुडकेश्वरला आहे. शहराच्या या टोकाला नवनवे लेआउट पडले, त्यांत नोकरदार आले, लहान व्यापारी आले, शिवणकाम करणारे आले, आणि जवळजवळ प्रत्येक घरात इंटरनेटची एक तार आली. तार एक आणि मागणारे अनेक, हीच आजच्या लेखाची मूळ अडचण आहे.

संध्याकाळी आठचा सुमार धरा. एक जण रायपूरला जाणाऱ्या मालाचे ई-वे बिल काढतो आहे. मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू आहे. धाकटा चित्रपट उतरवून घेतो आहे. दुकानाचे कॅमेरे कोणीतरी फोनवर पाहतो आहे. फोनमधले फोटो आपोआप वर चढत आहेत, आणि संगणक न विचारता स्वतःची नवी आवृत्ती खाली उतरवतो आहे. मग घरभर एकच ओरड सुरू होते, की नेट चालत नाही. लगेच मोठा प्लॅन घेतला जातो, आणि महिन्याभराने तीच ओरड पुन्हा ऐकू येते.

आमचे म्हणणे असे की पुष्कळदा दोष तारेच्या लहानपणाचा नसतो. कोणाला आधी सोडायचे हे ठरलेले नसते, दोष तो असतो. हे ठरवता येते, त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही, आणि बराचसा भाग एक पैसाही न खर्चता होतो.

पन्हा आणि विलंब

कापडवाल्याला बँडविड्थ समजावणे सोपे आहे. बँडविड्थ म्हणजे तारेचा पन्हा. पन्हा जितका मोठा, तितका माल एका वेळी सरकतो. कंपनी हा पन्हा मेगाबिटमध्ये सांगते आणि आपली फाइल असते मेगाबाइटमध्ये. 8 बिट मिळून 1 बाइट होतो. म्हणजे 40 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त 5 मेगाबाइट उतरतात. 1000 मेगाबाइटची फाइल यायला किमान 200 सेकंद लागणार. हा हिशेब ठाऊक नसला की माणूस कंपनीशी उगाच भांडतो.

दुसरे माप आहे विलंबाचे. आपण पाठवलेला एक छोटा निरोप समोरच्या यंत्रापर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो, तो विलंब. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात मोजतात. पन्हा मोठा असूनही विलंब वाईट असू शकतो. ई-वे बिल, बँकेचे काम, फोनवरचे बोलणे यांना पन्हा फार लागत नाही. त्यांना हवे असते झटपट उत्तर.

तिसरी गोष्ट, तारेला दोन दिशा आहेत. उतरवण्याचा वेग एक आणि चढवण्याचा दुसरा. काही फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, पण केबलच्या आणि मोबाइलच्या जोडणीत चढवण्याचा वेग बहुधा कमी असतो. व्यापारी माणूस मालाचे फोटो आणि व्हिडिओ पाठवतो, म्हणून त्याची अडचण बऱ्याचदा चढवण्याच्या बाजूला असते. प्लॅन घेताना हा आकडा अवश्य विचारावा.

रांग कुठे लागते?

इंटरनेटवर कोणतीही फाइल अख्खी जात नाही. तिची सुमारे दीड हजार बाइटची पुडकी होतात. 600 मेगाबाइटचा साड्यांचा व्हिडिओ पाठवला तर साधारण 4 लाख पुडकी निघतात. चढवण्याचा वेग 10 मेगाबिट असेल तर सगळी जायला 480 सेकंद, म्हणजे 8 मिनिटे लागतात. ही पुडकी राउटरमध्ये रांग लावून उभी राहतात. त्याच वेळी तुम्ही ई-वे बिलाच्या पानावर बटण दाबले, तर ते एवढेसे पुडके त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते.

समजा राउटरच्या पोटात 1 मेगाबाइटची रांग साठली आहे. 10 मेगाबिटच्या तारेवर ती सरकायला 0.8 सेकंद लागतो. हे थोडे वाटेल, पण एक सरकारी पान उघडताना असे जाणे-येणे अनेक वेळा होते. दहा खेपांचे 8 सेकंद झाले. तेवढ्यात पान अडकते, ओटीपीची मुदत संपते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ही रांग का वाढते, यामागे इतिहास आहे. 1986 साली अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधल्या, जेमतेम 400 यार्डांच्या जोडणीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर कोसळला. सगळेच एकदम पाठवू लागले आणि कोणाचेच पोहोचेना. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि 1988 साली तो प्रसिद्ध केला. उपाय असा, की एखादे पुडके वाटेत हरवले तर पाठवणाऱ्याने ते गर्दीचे लक्षण समजावे आणि हात आखडावा. आजही बरेचसे इंटरनेट याच शिस्तीवर चालते.

पुढे स्मरणचिप स्वस्त झाल्या आणि राउटर बनवणाऱ्यांनी त्यांत मोठमोठी कोठारे ठेवली. कोठार मोठे, म्हणून पुडके हरवत नाही. हरवत नाही, म्हणून पाठवणारा हात आखडत नाही, आणि रांग फुगतच जाते. जिम गेटिस यांनी 2010-11 च्या सुमारास या रोगाला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. पुडके रांगेत किती वेळ उभे आहे ते ती पाहते, आणि वेळ वाढू लागला की आधीच इशारा देते. तिचीच सुधारलेली ‘एफक्यू-कोडेल’ ही रीत 2018 साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत नोंदली गेली. ती प्रत्येकाची वेगळी रांग करते, त्यामुळे लहान कामाला मोठ्या कामामागे ताटकळावे लागत नाही. राउटर घेताना या नावाचा पुढे उपयोग होईल.

आधी रोग ओळखा

औषधाआधी नाडी पाहावी. संगणकाच्या कमांड खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचा पत्ता, मग उणे चिन्ह आणि टी हे अक्षर लिहिले की ती सतत विलंब मोजत राहते. घरात सगळे शांत असताना आकडा लिहून ठेवा. मग एक मोठी फाइल चढवायला लावा आणि आकडा पुन्हा पाहा.

शांततेत 20 आणि गर्दीत 500 किंवा 800 मिलिसेकंद दिसले, तर रोग रांगेचा आहे, आणि पुढचे उपाय तुमच्यासाठीच आहेत. शांततेतही आकडा उड्या मारत असेल, तर दोष वायफायचा किंवा बाहेरच्या तारेचा समजावा. अशा वेळी संगणक राउटरला वायरने जोडून पुन्हा मोजा. वायरने सुधारले तर दोष वायफायचा. हिशेबाचा संगणक कायम वायरनेच जोडलेला बरा. शंभर-दोनशे रुपयांची वायर पुष्कळ कटकट वाचवते.

कामांचे तीन दर्जे

दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला अख्खे कुटुंब बसलेले असते. त्यांचे काम दोन तासांचे असते. तेवढ्यात एखादा शिंपी येतो आणि अर्धा मीटर अस्तर मागतो. शहाणा दुकानदार त्याला दोन तास उभा ठेवत नाही. दोन मिनिटांत अस्तर कापून देतो. बस्तावाल्यांचे काही बिघडत नाही आणि शिंप्याचे काम होते. इंटरनेटची वाटणी नेमकी हीच आहे. घरातली कामे तीन दर्जांत लिहून काढा.

पहिला दर्जा: लहान पण तातडीचे. ई-वे बिल, कराचे पोर्टल, बँक, बिलाचा प्रोग्राम, साधे बोलणे. यांचा माल काही किलोबाइटपासून एक-दोन मेगाबाइटपर्यंत असतो.

दुसरा दर्जा: सलग चालणारे, खंड पडला की वाया जाणारे. मुलांचा वर्ग, ऑनलाइन परीक्षा, गिऱ्हाइकाला व्हिडिओवर माल दाखवणे. एका व्हिडिओ बोलण्याला साधारण 1 ते 3 मेगाबिट लागतात, पण ते सतत मिळायला हवेत.

तिसरा दर्जा: मोठे पण थांबू शकणारे. संगणकाची नवी आवृत्ती, फोटो आणि हिशेबाची प्रत वर चढवणे, चित्रपट उतरवणे.

यादी लिहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या कामावर पैसा आणि अब्रू अवलंबून आहे, त्याला पन्हा सर्वांत कमी लागतो. म्हणून त्याला आधी सोडल्याने बाकीच्यांचा हक्क जवळजवळ कमी होत नाही.

पैशाचे गणितही पाहा. राज्याबाहेर 50 हजारांवरचा माल जायचा तर ई-वे बिल लागते, आणि गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय ते पुरे होत नाही. बिलाशिवाय निघालेली गाडी अडवली गेली, तर मालक पुढे आला तरी कलम 129 प्रमाणे कराच्या दुप्पट दंड आहे. 2 लाखांच्या कापडावर 5 टक्क्यांनी 10 हजार कर, म्हणजे 20 हजार दंड. मुलाचा चित्रपट अर्धा तास उशिरा आला तर काही बिघडत नाही.

संगणकावर काय करावे?

एक. कोण किती खातो ते पाहा. विंडोजमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून नेटवर्कच्या पानावर गेले, की प्रत्येक प्रोग्राम किती पाठवतो आणि किती घेतो ते नावानिशी दिसते. पुष्कळदा चोर घरातल्या माणसांत नसतो. मागे चालू असलेला एखादा प्रोग्राम निघतो.

दोन. दोन गैरसमजांपासून दूर राहा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामला ‘हाय प्रायॉरिटी’ देता येते, पण ती प्रोसेसरच्या वेळेची असते. इंटरनेटच्या रांगेत तिचा काही उपयोग नाही. दुसरा गैरसमज असा, की विंडोज 20 टक्के बँडविड्थ दाबून ठेवते आणि एक आकडा बदलला की ती सुटते. हे एक्सपीच्या काळापासून सांगितले जाते. ती मर्यादा एखाद्या प्रोग्रामने मुद्दाम आरक्षण मागितले तरच लागू होते, आणि न वापरलेला भाग इतरांना मिळतच असतो. असे आकडे बदलून देण्याचे पैसे मागणाऱ्याला नकार द्यावा.

तीन. नव्या आवृत्तीला लगाम घाला. विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे. तिथे उतरवण्याच्या आणि चढवण्याच्या वेगाला मर्यादा घालता येते. तुमचा संगणक बाहेरच्या अनोळखी संगणकांनाही या फाइली पुरवत असेल तर ती सोय तिथेच बंद करावी.

चार. प्रत चढवणाऱ्या प्रोग्रामला मर्यादा द्या. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह अशा प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये चढवण्याच्या वेगाचा रकाना असतो. चढवण्याचा वेग 10 मेगाबिट असेल तर त्यांना 3 पुरे. रकाना मेगाबिटचा आहे की किलोबाइटचा हे नीट वाचून आकडा भरा.

पाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करा. मग विंडोज बरीचशी मोठी कामे स्वतःहून थांबवते. घरच्या तारेवर मात्र ही खूण कायम ठेवू नये. सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर आल्याच पाहिजेत.

सहा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये ‘पॉलिसी-बेस्ड क्यूओएस’ आहे. तिथे एखाद्या प्रोग्रामचे नाव देऊन त्याच्या पाठवण्याच्या वेगाला मर्यादा घालता येते. होम आवृत्तीत हा एडिटर येत नाही. शिवाय ही मर्यादा बाहेर जाणाऱ्या मालापुरतीच आहे, आत येणाऱ्या मालावर तिचा अंमल नाही.

राउटर हा खरा चौकीदार

संगणकाला शिस्त लावली, पण फोन, टीव्ही आणि कॅमेरे बाहेर राहिले. सर्वांची वाट राउटरमधून जाते, म्हणून खरी वाटणी तिथेच होते. राउटरच्या पानावर ‘क्यूओएस’ असा भाग असेल तर त्यात हिशेबाच्या संगणकाला पहिला क्रम द्या.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तारेचा मोजलेला जो खरा वेग आहे त्याच्या 85 ते 90 टक्के आकडा राउटरमध्ये मर्यादा म्हणून भरा. 10 मेगाबिट चढत असतील तर 9 भरा. हे उलटे वाटेल, पण कारण सरळ आहे. मर्यादा नसली की रांग कंपनीच्या यंत्रात लागते, तिथे आपली सत्ता नाही. थोडा पन्हा सोडला की रांग आपल्या राउटरमध्ये लागते, आणि आपल्या रांगेला आपण क्रम लावू शकतो. ज्या राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा एफक्यू-कोडेल आहे, त्यात एवढे केल्यावर बाकीची वाटणी तो स्वतःच करतो. कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय पुष्कळदा नसते. मोठ्या प्लॅनवर दरमहा जास्त पैसे भरण्यापेक्षा एकदाच असा राउटर घेणे स्वस्त पडते.

कॅमेऱ्यांबद्दल एक खुलासा. जागेवरच्या डीव्हीआरमध्ये होणारे मुद्रण इंटरनेट खात नाही. दूर बसून पाहिले किंवा मुद्रण क्लाउडवर पाठवले, तरच पन्हा लागतो. चार कॅमेरे प्रत्येकी 2 मेगाबिटने पाहिले, तर ज्या जागी कॅमेरे आहेत तिथले चढवण्याचे 8 मेगाबिट त्यातच संपले. म्हणून दूरून पाहताना कमी दर्जाचे चित्र निवडावे.

दोन जोडण्या असतील तर

पावसाळ्यात तार तुटते, म्हणून पुष्कळ व्यापारी मोबाइलचा नेट जोडीला ठेवतात. दोन्ही एकदम जोडल्या की विंडोज त्यांची बेरीज करत नाही. ज्या जोडणीचा ‘मेट्रिक’ आकडा कमी, तिच्यातून काम पाठवते. जोडणीच्या गुणधर्मांत आयपी आवृत्ती 4 च्या अॅडव्हान्स्ड भागात ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढून फायबरला 10 आणि मोबाइलला 50 असे आकडे देता येतात. तार जोडलेली दिसते पण नेट बंद आहे, अशा वेळी संगणक तिलाच धरून बसू शकतो. तेव्हा वायर सरळ काढून घ्यावी. राउटरला छोटी बॅटरी असू द्यावी, म्हणजे वीज गेली तरी अर्धवट भरलेला अर्ज बुडत नाही.

कंपनीने हे का करू नये?

कोणी विचारेल, ही वाटणी कंपनीनेच का करू नये? 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम केला, की कोणते संकेतस्थळ पाहता त्यावरून कंपनीला वेगवेगळा दर लावता येणार नाही. 2018 साली केंद्र सरकारने नेट समानतेचे तत्त्वही मान्य केले. हे लहान व्यापाऱ्याच्या फायद्याचे आहे. नाहीतर मोठ्या दुकानांची पाने पळाली असती आणि मोमिनपुऱ्यातल्या विणकराचे किंवा मालेगावच्या लूमवाल्याचे पान रांगेत राहिले असते. बाहेर सर्वांना समान वाट असावी आणि घरात गरजेप्रमाणे क्रम असावा. हा दुसरा भाग आपणच करायचा आहे.

घड्याळ हाही उपाय आहे

सर्वांत स्वस्त वाटणी वेळेची. मोठी कामे रात्री अकरानंतर किंवा पहाटे लावा. दरमहा परतावा भरणाऱ्याची विक्रीच्या तपशिलाची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख आणि कर भरण्याची 20. शेवटच्या दिवशी पोर्टलवरच गर्दी होते, आणि तिथे घरच्या राउटरचा काही इलाज चालत नाही. दोन-तीन दिवस आधी भरणे हीच खरी प्रायॉरिटी.

शेवटी, क्रम ठरवताना घरच्यांना जवळ बसवा. धंद्याचे काम नेहमीच पहिले, असे धरून चालू नये. ज्या दिवशी मुलीची परीक्षा आहे, त्या दोन तासांत साड्यांचा व्हिडिओ थांबला पाहिजे. तो रात्री गेला तरी गिऱ्हाईक सकाळीच पाहणार आहे, परीक्षा मात्र पुन्हा होत नाही. तीन दर्जांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून राउटरशेजारी चिकटवा, आणि आज रात्री निदान पिंगचे दोन आकडे मोजून वहीत मांडा. पुढचे उपाय त्या आकड्यांवरून ठरतील.